2014 की 2024? सिंधहून आलेल्या नातेवाइकांना कोणती तारीख लागू होते

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर सांगा. तुमच्या मिसेसची मावसबहीण, तिचे यजमान आणि मुलगी 2016 साली रीतसर व्हिसावर सिंधमधून आले आणि परत गेले नाहीत. देवळाली कॅम्पात तुमच्या जवळच भाड्याने राहतात. त्यांना एलटीव्ही, म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा, मिळाला होता, पण मुदत संपल्यावर नूतनीकरण राहून गेलं. धाकटा मुलगा 2018 चा, जन्म नाशिकचाच. सप्टेंबर 2025 मध्ये तुम्ही पेपरात वाचलं की सरकारने 2014 ची मुदत 31 डिसेंबर 2024 पर्यंत वाढवली. आता तुम्ही विचारताय: सीएएखाली, म्हणजे 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली, अर्ज टाकून द्यावा का? मुलगा इथेच जन्मला, तो भारतीयच ना? आणि त्यांच्या नावावर कॅम्पातच एक छोटा फ्लॅट घेऊन ठेवला तर चालेल का?

तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. तरीही या कुटुंबाला वाट आहे. ती सीएएमधून जात नाही, एवढंच. कदाचित म्हणूनच ती कुणी तुम्हाला दाखवली नसेल.

मी नाशिकच्या कोर्टात वकिली करते. परकीय नागरिकांची नोंदणी, व्हिसा आणि नागरिकत्वाचे अर्ज हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्या बातमीनंतर माझ्याकडे आलेल्या बहुतेकांचा गोंधळ तुमच्यासारखाच होता. त्यांना वाटतो एकच प्रश्न, पण असतात दोन. पहिला: इथे राहिल्याबद्दल पोलीस गुन्हा दाखल करतील का? दुसरा: आम्ही नागरिक कधी होणार? या दोन प्रश्नांचे कायदे वेगळे आणि तारखाही वेगळ्या.

पहिल्या प्रश्नाचा कायदा 1 सप्टेंबर 2025 पासून बदलला. त्या दिवशी नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झाला आणि 1946 च्या फॉरेनर्स ॲक्टसकट चार जुने कायदे गेले. नव्या कायद्यात पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरलं तर 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि मुदत उलटूनही राहिलं तर 3 वर्षं आणि 3 लाखांपर्यंत. त्याच दिवशी सरकारने सवलतीचा आदेशही काढला. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन, जे धार्मिक छळामुळे किंवा त्याच्या भीतीने 31 डिसेंबर 2024 पर्यंत इथे आले, त्यांना पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट. कागद मुळात नसले तरी, किंवा होते आणि संपले तरी. तुमचे पाहुणे यात बसतात. तेव्हा केवळ एलटीव्ही संपला म्हणून उद्या कुणी उचलून नेईल, ही धास्ती मनातून काढा.

दुसऱ्या प्रश्नाचा कायदा मात्र 1955 चा नागरिकत्व कायदा, आणि त्यात 2019 साली सीएएने घातलेली तारीख आजही 31 डिसेंबर 2014 हीच आहे. सप्टेंबरच्या आदेशाने तिला हात लावलेला नाही, लावू शकतही नाही. ती बदलायला संसद लागते. 2016 साली आलेल्या माणसाला सीएएचा दरवाजा बंद आहे. तरी अर्ज भरलात तर काय होईल? ‘31 डिसेंबर 2014 पूर्वी आलो’ याचा पुरावा मागितला जाईल आणि तो तुमच्याकडे नाही. तो ‘करून देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

आता अशा तारखाच तारखा का, हे थोडं सांगते. पुढच्या वेळी बातमी वाचताना ते उपयोगी पडेल.

भारताने निर्वासितांबद्दलच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, 1967 च्या त्याच्या पुरवणी करारावरही नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाच नाही. कायद्याच्या नजरेत माणूस एक तर नागरिक, नाही तर परकीय. मग कुणाला आसरा द्यायचा हे ठरतं कसं? त्या त्या वेळच्या सरकारच्या आदेशाने. आदेश कुठेतरी थांबावा लागतो, म्हणून त्यात तारीख येते.

तुमच्या कॅम्पातल्या जुन्या सिंधी घरांना विचारा. फाळणीनंतर लष्कराच्या बराकींमध्ये त्यांची सोय केली होती. कल्याणच्या लष्करी छावणीत जी झाली तिचं पुढे उल्हासनगर झालं. त्या पिढीला व्हिसा काढावा लागला नाही. घटनेच्या कलम 6 ने 19 जुलै 1948 ही तारीख ठरवली. त्याआधी पाकिस्तानातून येऊन इथे राहिलेले आपोआप नागरिक झाले, त्यानंतरच्यांना नोंदणी करावी लागली आणि नोंदणीआधी इथे किमान सहा महिने राहिलेलं असावं लागे. सहा महिने! आज त्याच सिंधमधून, त्याच कारणाने आलेल्या माणसाला वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

पुढे 1959 पासून तिबेटी आले. त्यांना नोंदणी प्रमाणपत्रं मिळाली, वसाहती मिळाल्या (आपल्या राज्यात गोंदिया जिल्ह्यात एक आहे), नागरिकत्व मात्र दिलं गेलं नाही. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक आले आणि बांगलादेश झाल्यावर बहुतेक परतले. आसामसाठी 25 मार्च 1971 ही तारीख कायद्यात बसली, आणि ते कलम सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने कायम ठेवलं. 1983 नंतर श्रीलंकेचे तमिळ आले, त्यांच्यासाठी तामिळनाडूत छावण्या उघडल्या. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल पडलं तेव्हा अफगाणांसाठी रातोरात खास ई-व्हिसा निघाला, आणि आठवडाभरात देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे जुने व्हिसा रद्दही झाले.

सगळी घडी एका दिशेने गेली असं म्हणता येत नाही. जन्माने मिळणारं नागरिकत्व मात्र टप्प्याटप्प्याने आवळत आणलं: आधी 1986 च्या दुरुस्तीने, मग 2003 च्या. 2003 च्या दुरुस्तीने ‘बेकायदा स्थलांतरित’ हा वर्ग आणला, आणि त्यात मोडणाऱ्याला नोंदणीने किंवा देशीयकरणाने (म्हणजे दीर्घ वास्तव्याच्या आधारावर) नागरिक होता येणार नाही असं ठरलं. त्याच भिंतीला ठरावीक समाजांपुरतं एक दार पाडण्याचं काम 2015 ते 2025 या दहा वर्षांत झालं: सप्टेंबर 2015 चा सवलतीचा आदेश, 2016 मध्ये त्यात अफगाणिस्तानची भर, डिसेंबर 2019 चा सीएए, त्याचे 11 मार्च 2024 चे नियम, आणि आता 2025 चा आदेश. नियमांमधली एक गंमत: या अर्जांची जिल्हा समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या नाही, तर पोस्टाच्या अधीक्षकांच्या अध्यक्षतेखाली असते, आणि राज्याची समिती जनगणना संचालकांच्या. राज्य सरकारांना वळसा घालण्यासाठीच ही रचना आहे, असं माझं मत.

आता तुमच्या कुटुंबाची वाट. इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती तुम्ही लिहिलेली नाही: साडूंचे आई-वडील आणि मावसबहिणीचे आई-वडील कधी आणि कुठे जन्मले?

नागरिकत्व कायद्याच्या कलम 5 प्रमाणे ‘भारतीय वंशाची व्यक्ती’ सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने नागरिक होऊ शकते. भारतीय वंशाची म्हणजे जी स्वतः, किंवा जिच्या आई-वडिलांपैकी एक जण, अखंड भारतात जन्मला ती. कराची, लारकाना, सक्कर हे सगळं 15 ऑगस्ट 1947 पूर्वी अखंड भारतच होतं. 1936 पर्यंत तर सिंध मुंबई इलाख्यातच होता. म्हणजे साडूंचे वडील 1944 साली सक्करला जन्मले असतील तर साडू कायद्याने भारतीय वंशाचे ठरतात. मग धर्म कोणता, छळ झाला का, 2014 की 2024, यातलं काहीही सिद्ध करावं लागत नाही.

चौघांपैकी एक जरी त्या तारखेआधी जन्मलेला निघाला तरी कुटुंबाचं काम होऊ शकतं. समजा फक्त मावसबहिणीची आई 1946 ची निघाली. मग बहीण भारतीय वंशाची म्हणून अर्ज करेल, आणि ती नागरिक झाली की यजमान ‘नागरिकाशी विवाहित, सात वर्षं रहिवासी’ या पोटकलमाखाली करतील. सात वर्षं कशी मोजतात तेही सांगते: अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं. 2016 पासून इथेच असतील तर ते भरतं.

अडचण मधल्या खंडाची आहे. कलम 5 चा अर्ज ‘बेकायदा स्थलांतरित’ नसलेल्यालाच करता येतो, आणि रीतसर येऊन मुदतीनंतर राहिलेला माणूसही या व्याख्येत मोडतो. त्या व्याख्येतून बाहेर काढणारी सूट सीएएने दिली, पण ती 2014 पर्यंत आलेल्यांनाच. 2025 च्या आदेशाने तुमच्या पाहुण्यांवर खटला टळला, नागरिकत्व कायद्यातला हा शिक्का मात्र त्याने पुसला जात नाही, असं मी तो वाचते. म्हणून आधी एलटीव्ही ताळ्यावर आणायचा आणि मग नागरिकत्वाचा अर्ज. उलट क्रमाने केलेले अर्ज वर्षानुवर्षं पडून राहून परत आलेले मी पाहिलेत.

एलटीव्हीचं काम ऑनलाइन अर्जाने सुरू होतं आणि पडताळणी नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाच्या परकीय नागरिक शाखेकडे येते, कारण देवळाली कॅम्प पोलीस ठाणं शहर आयुक्तालयाखाली आहे. (मालेगाव, सिन्नर, निफाडच्या वाचकांनी ग्रामीण पोलीस अधीक्षक कार्यालयात जावं.) जुना एलटीव्ही आदेश, निवास परवाना, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार, मुलीचे शाळेचे कागद आणि उशीर का झाला याचं प्रतिज्ञापत्र लागेल. कारण खरं लिहा. ‘माहिती नव्हती’, ‘आजारपण होतं’, ‘2025 च्या एप्रिलमध्ये घाबरून गेलोच नाही’ ही सगळी चालण्यासारखी कारणं आहेत. पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा हिंदूंचे एलटीव्ही चालू राहतील असा खुलासा सरकारने केला होता, पण ज्यांचे आधीच संपले होते ते त्या दिवसांत भीतीने घरात बसले. अधिकाऱ्यांना हे ठाऊक आहे. उशीर माफ करायचा की नाही हे शेवटी वर ठरतं, त्याची हमी मी देणार नाही. मात्र स्वतःहून गेलेल्या माणसाची फाइल आणि पडताळणीत सापडलेल्या माणसाची फाइल यांत फार फरक पडतो.

पासपोर्ट संपला असेल तर तो दिल्लीच्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयातूनच नवा होणार. तिथली माणसं एप्रिल 2025 नंतर 55 वरून 30 वर आणायचं ठरलं, तेव्हा वेळ लागेल हे धरूनच चला आणि अर्ज केल्याची पावती जपा.

नागरिकत्वाचा अर्जही ऑनलाइन भरून त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची. तिथून राज्य, मग केंद्र. डिसेंबर 2016 मध्ये केंद्राने मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना या समाजांचे अर्ज थेट मंजूर करायचे अधिकार दिले होते, नाशिक त्या यादीत नव्हतं. म्हणून उल्हासनगरच्या नातेवाइकांचं काम झालं आणि आपलं का अडलं, असं मनात आलं असेल तर त्याचं एक कारण हे.

आणि चौघांपैकी कुणीच 1947 पूर्वीचा नसेल तर? मग नागरिकत्व कायद्याचं कलम 6, देशीयकरण. एरवी त्याला अर्जाच्या आधीचे बारा महिने आणि त्यामागच्या चौदा वर्षांत अकरा वर्षांचं वास्तव्य लागतं. सीएएने या सहा समाजांसाठी अकराची पाच वर्षं केली, आणि ज्या परिशिष्टात ही सवलत आहे त्याच्या शब्दांत 2014 ची तारीख नाही. तेव्हा 2016 साली रीतसर आलेल्या आणि एलटीव्ही चालू असलेल्या माणसाला पाच वर्षंच लागावीत असं मी मांडेन. अधिकारी मान्य करतीलच असं नाही, पण मुद्दा लढवण्यासारखा आहे. त्यात भाषेचं पुरेसं ज्ञान हीही एक अट असते. घटनेच्या आठव्या परिशिष्टातली कोणतीही भाषा चालते आणि सिंधी 1967 पासून त्यात आहे.

आता धाकट्याबद्दल. नाशिकचा जन्मदाखला म्हणजे नागरिकत्व नव्हे. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेला जवळपास प्रत्येक जण नागरिक. त्यानंतर 2 डिसेंबर 2004 पर्यंत आई-वडिलांपैकी एक नागरिक असावा लागतो. आणि 3 डिसेंबर 2004 पासून दोघेही, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमध्ये स्वेटर विकणाऱ्यांपैकी 1980 साली भारतात जन्मलेला माणूस या नियमाने भारतीय नागरिक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये एका तिबेटी तरुणीच्या बाबतीत हे मान्य केलं. तुमचा भाचा 2018 चा आणि दोन्ही पालक परकीय, म्हणून तो आज नागरिक नाही. त्याचं नाव आई-वडिलांच्या एलटीव्हीच्या अर्जात घालायला विसरू नका, बरेच जण विसरतात. ते नागरिक झाले की त्याची अज्ञान मूल म्हणून नोंदणी होईल. मुलगी तोवर अठराची झाली तर तिला ते पोटकलम लागणार नाही. दोन्ही पालकांची नोंदणी झाल्यावर तिने सज्ञान म्हणून वेगळा अर्ज करायचा.

फ्लॅटचं उत्तर सोपं आहे. एलटीव्हीवर असलेल्या या समाजांच्या माणसाला राहण्यासाठी एक आणि स्वतःच्या धंद्यासाठी एक अशी मालमत्ता घेता येते, पण कॅन्टोन्मेंटमध्ये आणि संरक्षित क्षेत्राच्या आसपास नाही. देवळाली कॅम्प म्हणजे कॅन्टोन्मेंट, वर तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र शेजारी. नाशिकरोड किंवा इंदिरानगरकडे बघा, तेही एलटीव्ही चालू झाल्यावर. त्यांच्या पैशाने तुमच्या नावावर घेण्याचा विचार असेल तर बेनामी व्यवहाराचा कायदा आडवा येईल. भाड्याने राहण्याबद्दलही आयुक्तालयात स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

एजंटांबद्दल लिहायचं राहिलं होतं. भारताचे पासपोर्ट नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात, म्हणून ‘आतून काम होतं’ असं सांगणारा एक महाभाग मी स्वतः ऐकलाय. प्रेसचा आणि तुमच्या अर्जाचा काडीचा संबंध नाही. जास्त धोका साध्या दिसणाऱ्या गोष्टींत असतो. कुणी मतदार ओळखपत्र काढून देतो म्हणतो. नागरिक नसताना ‘मी नागरिक आहे’ असं लिहून दिलं की तो स्वतंत्र गुन्हा. कुणी 2013 चा भाडेकरार बनवून देतो म्हणतो. बनावट कागदांसाठी नव्या कायद्यात किमान 2 आणि कमाल 7 वर्षं कैद आहे, आणि सवलतीचा आदेश पासपोर्ट-व्हिसाच्या अटीपुरताच आहे. शाळाही बघा: दाखल्यावर ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यात सवयीने ‘भारतीय’ लिहिलं जातं. मुलीच्या दाखल्यावर तसं असेल तर आत्ताच मुख्याध्यापकांना अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढे तीच नोंद तिच्यावर उलटते.

तुम्ही शेवटी विचारलंय की हे धोरण मला योग्य वाटतं का. सिंधमधल्या हिंदू कुटुंबाची भीती खरी आहे, त्यांना आसरा मिळायलाच हवा. पण पाकिस्तानातला अहमदिया, अफगाणिस्तानातला हजारा, श्रीलंकेचा तमिळ, यांची भीतीही तितकीच खरी असू शकते, आणि ते सीएएच्या यादीत नाहीत. न्यायालयंही एका सुरात बोललेली नाहीत. 1996 मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की जीविताचा हक्क परकीयालाही आहे. 2021 मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात म्हणालं की देशातून न काढलं जाण्याचा हक्क हा इथे राहण्याच्या हक्काला जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांना आहे. या दोन्हींच्या मध्ये जी जागा उरते ती गृहखात्याच्या आदेशांनी भरली जाते. मला अर्ज, सुनावणी आणि अपील असलेला साधा निर्वासित कायदा हवा आहे. प्रत्येक माणसाची गोष्ट त्यात तपासली जाईल आणि धर्माचा रकाना निकाल ठरवणार नाही. माझे काही अशील याच्याशी सहमत नाहीत, त्यांचंही काम मी तितक्याच मन लावून करते.

तर आता मला पुढची माहिती कळवा: चारही आजी-आजोबांची जन्मवर्षं आणि गावं, त्यातलं काय कागदावर आहे (सिंधमधला जुना शाळेचा दाखला, जमिनीचा कागद, जुना पासपोर्ट, काहीही), एलटीव्ही नक्की कोणत्या तारखेला संपला आणि पासपोर्ट किती दिवस शिल्लक आहे. कागदांचे फोटो इथे टाकू नका, फक्त तारखा लिहा. त्या बघून कलम 5 की 6 हे सांगता येईल. एलटीव्हीचा अर्ज मात्र त्याची वाट न बघता या आठवड्यातच भरायला घ्या.